जाऊ द्या यादी

रविवारी दुपारी चार वाजता अँटिव्हायरसचं अपडेट बाहेर पडलं. सोमवारी सकाळी आठ ते दहा या दोन तासांत कंपनीच्या मदत कक्षात चौसष्ट फोन आले आणि सगळ्यांची तक्रार एकच होती: रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट छापणारा प्रोग्राम गायब झाला आहे. प्रत्यक्षात तो गायब झाला नव्हता. कंपनीच्या अँटिव्हायरसनं त्याला व्हायरस ठरवून कोंडून ठेवलं होतं. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेली माणसं रिपोर्टसाठी परत येत होती आणि काउंटरवरच्या मुली त्यांना हातानं आकडे लिहून देत होत्या.

साध्यासुध्या प्रोग्रामला व्हायरस समजण्याची चूक या धंद्यात वर्षातून दोनतीनदा होतेच. त्यावरचा उपायही ठरलेला होता. ज्या प्रोग्रामांना हात लावायचा नाही त्यांची एक यादी कंपनी ठेवत असे. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं, पण ऑफिसात सगळे तिला ‘जाऊ द्या यादी’ म्हणत. यादीत नाव चढलं की वीस मिनिटांत प्रोग्राम सगळीकडे मोकळा होई. नाव चढवायला मात्र दोन सह्या लागत, त्याही कागदी रजिस्टरवर शाईनं. एक सही मागणी करणाऱ्याची आणि दुसरी तपास विभागाची. दुसरी सही कुणी सांगितलं म्हणून करायची नाही, स्वतः तपासून करायची. सांगणारा कंपनीचा मालक असला तरीही.

हा नियम मालकांनीच केला होता. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण कंपनी काढण्यापूर्वी ते टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत. नियमाचं निमित्त त्यांचा मेहुणा होता. मेहुणा विक्री बघे. तो मास्तरांच्या मुलीचा मामा, म्हणून अख्ख्या ऑफिसचा मामा. चौदा वर्षांपूर्वी त्यानं एका बड्या गिऱ्हाइकाला खूश करायला त्याचा पत्त्यांचा खेळ गुपचूप यादीत घातला होता. त्या खेळातून शिरलेला व्हायरस काढायला नऊ दिवस लागले. रजिस्टर त्यानंतर आलं. मामा त्याला ‘माझं प्रगतिपुस्तक’ म्हणे.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मास्तरांनी रजिस्टरात पहिली सही केली आणि ते तपास विभागाकडे पाठवलं. पाच मिनिटांनी विभागप्रमुख स्वतःच रजिस्टर घेऊन परत आली. ती चौतीस वर्षांची होती आणि अकरा वर्षं कंपनीत होती. तिच्या हातून काही निसटत नाही म्हणून मामानं तिचं नाव गाळणी ठेवलं होतं आणि तिनंही ते चालवून घेतलं होतं.

“मास्तर, मी सही करणार नाही,” ती म्हणाली.

“चौसष्ट लॅब बंद आहेत.”

“आता एक्क्याऐंशी. पण या वेळी चूक आपली नाही. प्रोग्रामच वाईट आहे.”

तिनं एक छापील कागद टेबलावर ठेवला. रविवारच्या अपडेटमध्ये तिनं स्वतः लिहिलेली एक नवी तपासणी होती. एखादा प्रोग्राम पासवर्ड बघण्याआधी दुसराच एखादा ठरावीक शब्द बघतो का, हे ती तपासणी शोधत असे. हा प्रोग्राम बघत होता. तो शब्द टाकला की कुठलाही पासवर्ड न देता आत जाता येई, पेशंटचे सगळे रिपोर्ट उघडता येत आणि बदलताही येत. थोडक्यात, तो चोरदरवाजा होता. बऱ्याच लॅबवाल्यांनी घरून रिपोर्ट पाहता यावेत म्हणून प्रोग्राम इंटरनेटला जोडला होता. तिथं हा दरवाजा थेट रस्त्यावर उघडत होता.

“शब्दाला काही अर्थ नाही, नुसती अक्षरं आहेत,” गाळणी म्हणाली.

मास्तरांनी कागदावरची अक्षरं वाचली. ए, एस, डी, एफ, जी, एफ. मग सेमीकोलन, एल, के, जे, एच, जे. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर किंचित हलली. गाळणीचं लक्ष कागदाकडे होतं.

“कुणी लिहिलाय हा?” त्यांनी विचारलं.

“विकणारी कंपनी सहा वर्षांपूर्वी बंद पडली. त्यांनीही दुसऱ्या कुणाकडून घेतला होता म्हणतात. मूळ माणूस सापडायचा नाही. रजिस्टरात ‘लिहिणारा: अज्ञात’ टाकते.”

“टाक,” मास्तर म्हणाले.

तिनं दोन गोष्टी आणखी सांगितल्या. दुपारी एकपर्यंत ती प्रोग्रामला अर्धा मोकळा करू शकत होती, म्हणजे लॅबमध्ये रिपोर्ट छापता आले असते आणि बाहेरून येण्याची वाट बंद राहिली असती. ज्या लॅबनी अपडेट बंद करून ठेवलं होतं त्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. शिवाय दरवाजा आतून तसाच राहणार होता. तो बुजवायला प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, हवा. तो नसेल तर अंदाजानं काम करावं लागेल आणि दोन-तीन आठवडे जातील. हा प्रोग्राम अकराशे चाळीस लॅबमध्ये चालतो, असंही ती जाता जाता म्हणाली.

मूळ मजकूर मास्तरांच्या घरी कपाटात होता.

टायपिंगच्या क्लासमध्ये नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हीच बारा अक्षरं देत. डाव्या हाताची सहा, उजव्या हाताची सहा. विद्यार्थी ती आठवडाभर बडवत बसे. मास्तरांनी सहा वर्षांत हा धडा काही हजार वेळा दिला होता. क्लासच्या मालकानं दोन कॉम्प्युटर आणले तेव्हा ते कसे चालवायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी सोबतची जाड पुस्तकं वाचली आणि सत्ताविसाव्या वर्षी एका लॅबसाठी रिपोर्ट छापणारा प्रोग्राम लिहिला. लॅबच्या डॉक्टरीणबाई पासवर्ड विसरत. दर पंधरवड्याला कुणीतरी सायकल मारत क्लासवर येई, मास्तर शिकवणं सोडून जात आणि प्रोग्राम उघडून देत. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी आत एक कायमचा शब्द घालून ठेवला. विचार न करता बोटांनी जे टाइप केलं तो शब्द.

त्या लॅबमधल्या एका टेक्निशियनशी पुढे त्यांचं लग्न झालं. प्रोग्राम एकशे चाळीस लॅबमध्ये गेला. पहिल्या लॅबच्याच एका फ्लॉपीवर त्यांना पहिला व्हायरस भेटला. तो काढायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि लोक रिपोर्टपेक्षा तोच जास्त मागू लागले. दोन्ही सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी लॅबचा प्रोग्राम एका विक्रेत्याला देऊन टाकला. त्यानं रंग बदलले, पुढच्यानं नाव बदललं. मास्तरांच्या ते डोक्यातूनही गेलं. तीस वर्षांत मास्तरांची कंपनी दोनशे बारा माणसांची झाली. सुरक्षेविषयीच्या सभांमध्ये ते पहिल्या रांगेत बसू लागले. तरुणांपुढे भाषण करताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: मालकाला माहीत नसलेलं दार ठेवणारा माणूस चोराचा भागीदार.

आता एक मोठी कंपनी त्यांची कंपनी आपल्यात घेणार होती. मास्तर सगळ्या समूहाचे सुरक्षाप्रमुख होणार होते. या पदासाठी आयुष्य घालवलं असं ते बोलून दाखवत नसत, पण घरच्यांना ते ठाऊक होतं. गुरुवारी तीन वाजता त्यांना एका निवेदनावर सही करायची होती. त्यातलं नववं कलम असं होतं: ‘मी तयार केलेल्या कोणत्याही प्रोग्राममध्ये मालकाला माहीत नसलेला प्रवेशमार्ग मी कधीही ठेवलेला नाही.’

साडेअकराला मामा केबिनमध्ये आला. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं टेबलावरचा कागद उचलला आणि एकदम हसला.

“भाऊजी, हा तर आपला पहिला धडा. तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारायचात ना, सेमीकोलन चुकलं की.”

मास्तर हसले नाहीत. मामानं कागद पुन्हा वाचला, उठून केबिनचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. तो अर्धा तास बोलत होता. त्याचं म्हणणं असं: त्या काळी सगळेच असं करत. तेव्हा त्याला कुणी चोरदरवाजा म्हणत नव्हतं, सोय म्हणत. गाळणी बाहेरची वाट बंद ठेवणारच आहे. गुरुवारी सही होऊ द्यावी, शुक्रवारी मास्तरांना जुन्या कपाटात जुनी फाइल ‘सापडावी’, शनिवारपर्यंत दरवाजा बुजवून टाकावा. कुणाचं काही बिघडत नाही. उलट आत्ता तोंड उघडलं तर दोनशे बारा माणसांचं भवितव्य टांगणीला.

“तीस वर्षं उघडं होतं,” मामा म्हणाला, “तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?”

त्या दिवशी मास्तरांनी ऑफिसात हे कुणाला सांगितलं नाही. दुपारी एकला गाळणीनं प्रोग्राम अर्धा मोकळा केला आणि फोन कमी झाले. साडेसहाला ते घरी गेले.

बायकोला त्यांनी जेवताना सांगितलं. एकोणीस वर्षं लॅबमध्ये काम करून ती निवृत्त झाली होती. ती गोष्ट तिला नवी नव्हती. मास्तर न विचारता प्रोग्राम उघडत हे तिनं तेव्हा पाहिलं होतं आणि ते फार हुशार आहेत असा समज करून घेतला होता, तो अजून पुरता गेलेला नाही, असं ती म्हणाली. मामाचं म्हणणं तिनं शांतपणे ऐकलं. धाकट्या भावाच्या बाजूनं ती नेहमी बोलत असे. या वेळी तिनं फक्त प्रश्न विचारले.

“बाहेरचा माणूस आत शिरून एखाद्याची साखर कमीजास्त करू शकतो?”

“ज्यांनी अपडेट घेतलं नाही त्यांच्याकडे शकतो.”

“अशा किती लॅब?”

“दोनशेच्या आसपास.”

“आणि आकडा बदलल्याचं डॉक्टरला कळणार नाही.”

“नाही.”

“मग तुम्हाला जेवण कसं जातंय?” तिनं विचारलं आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली.

मास्तर जेवले. त्यानंतर त्यांनी कपाटातून दोन डबे काढले, त्यांतल्या फ्लॉपी दिव्यापाशी नेऊन एकेकीवरचं अक्षर वाचलं आणि हवी ती बाजूला ठेवली. मजकुराची एक प्रत त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नव्या डिस्कवरही घेतली होती. तीही निघाली.

मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते तपास विभागात गेले. गाळणी नुकतीच येऊन बसली होती. त्यांनी तिच्याकडे रजिस्टर मागितलं, ‘अज्ञात’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि डिस्क तिच्यापुढे ठेवली. मग टायपिंगच्या क्लासपासून सगळं सांगितलं. सांगायला सात-आठ मिनिटं लागली. बाजूच्या टेबलांवरची माणसं कामात असल्यासारखी दिसत होती.

गाळणीनं रजिस्टर आपल्याकडे ओढून रेघ मारलेला शब्द वाचला.

“काल तुम्ही मला विचारलंत, कुणी लिहिलाय म्हणून.”

“हो.”

“माहीत असताना.”

“हो. आणि अज्ञात टाक म्हणालो.”

तिनं डिस्क मशीनला लावली. “आणखी एखादा दरवाजा आहे?”

“नाही. एवढा एकच.”

“बघते,” ती म्हणाली.

दिवसभर मास्तर तिच्या विभागातल्या एका रिकाम्या टेबलावर बसून दुरुस्ती लिहीत होते. तीस वर्षांपूर्वीची त्यांची पद्धत त्यांनाच किचकट वाटत होती. मामा दोनदा दारापर्यंत आला आणि रजिस्टर उघडं बघून परत गेला. दुसऱ्यांदा जाताना तो एवढंच म्हणाला की प्रगतिपुस्तकात शेवटी त्याच्या जोडीला कुणीतरी आलं.

पावणेपाचला गाळणी मास्तरांच्या टेबलाशी आली. तिच्या हातात आणखी एक कागद होता. कॉम्प्युटरची तारीख एक जानेवारी केली की प्रोग्राम पासवर्ड विचारतच नव्हता. कुठलाही शब्द टाकायची गरज नव्हती. घरी चाचणी घेताना दर वेळी पासवर्ड मारायचा कंटाळा म्हणून ती वाट ठेवलेली होती आणि विकताना काढायची राहून गेली होती.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. अक्षर न् अक्षर त्यांचंच होतं.

“हे मी विसरलो होतो,” ते म्हणाले. “खरंच विसरलो होतो.”

“ते मला कळलंय. म्हणून तर नुसतं विचारून भागत नाही.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मास्तरांना राग असता तर बरं वाटलं असतं. सकाळी ‘एवढा एकच’ म्हणताना त्यांना पूर्ण खात्री होती. तीच खात्री घेऊन त्यांनी नवव्या कलमाखाली सही केली असती, अगदी पहिला दरवाजा सापडला नसता तरी.

दोन्ही वाटा बुजवायला बुधवारची दुपार झाली. सूचनेचा मजकूर मामानं लिहून आणला होता. त्यात ‘तत्कालीन कार्यपद्धतीमुळे उद्भवलेली त्रुटी’ असा शब्दप्रयोग होता. गाळणीनं विचारलं की त्रुटी आपोआप उद्भवली का. मामा म्हणाला, पोरी, भाषेत जरा तेल घालावं लागतं. मास्तरांनी तो कागद घेतला आणि मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या: प्रोग्राममध्ये दोन चोरवाटा आहेत, त्या मी लिहिल्या आहेत, त्या अशा बंद करायच्या, आणि तोवर रिपोर्टचे आकडे हाती लिहिलेल्या नोंदींशी ताडून पाहावेत. खाली नाव घातलं. दुपारी सव्वातीनला ती सूचना अकराशे चाळीस लॅबना गेली आणि तीच जशीच्या तशी मोठ्या कंपनीच्या वकीलबाईंनाही.

ज्यांनी अपडेट बंद ठेवलं होतं त्यांना फोन करावे लागणार होते. मामानं विक्रीची आठ माणसं बसवली आणि स्वतः नववी खुर्ची घेतली. पहिल्याच फोनवर एका लॅबवाल्यानं त्याला विचारलं, म्हणजे तीस वर्षं किल्ली तुमच्या खिशात आणि वर कुलूप विकायलाही तुम्हीच? मामानं कबूल केलं की असंच दिसतंय खरं, आणि आता कृपा करून कॉम्प्युटर चालू करा. संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसला. एका लॅबमध्ये अनोळखी कुणी आत येऊन गेल्याची खूण सापडली. तिथले चार महिन्यांचे रिपोर्ट हातच्या नोंदींशी ताडायला लॅबच्या दोघी बसल्या. गुरुवारी सकाळी त्यांनी कळवलं की आकडे बदललेले नाहीत. मास्तरांनी ते बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांगा पुन्हा एकदा ताडा.

गुरुवारी तीन वाजता वकीलबाई वेळेवर आल्या. सूचना त्यांच्या फाइलमध्ये वर लावलेली होती. लांब टेबलाच्या एका बाजूला त्या आणि त्यांचे दोन सहकारी, दुसऱ्या बाजूला मास्तर, मामा आणि गाळणी. निवेदन मध्ये ठेवलेलं होतं. बाईंनी ते पुढे सरकवलं नाही. गोष्ट आपणहून सांगितली याची नोंद झाली आहे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये असं काही आहे?”

मामानं मास्तरांकडे पाहिलं. ‘नाही’ हे उत्तर तयार होतं आणि मास्तरांना माहीत होतं तेवढ्यापुरतं ते खरंही होतं.

“मला आठवत नाही,” मास्तर म्हणाले. “पण परवा मला नाही असंच वाटत होतं आणि होतं. त्यामुळे माझ्या आठवणीवर तुम्ही जाऊ नका. तपासावं लागेल. आणि मी सोडून दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं.”

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. पाच मिनिटं बाहेर जाऊन फोन करून आल्या. मोठी कंपनी खरेदीचा विचार सोडत नव्हती. मास्तरांचे सगळे जुने प्रोग्राम तपासून होईपर्यंत निर्णय लांबणीवर पडला होता. सुरक्षाप्रमुखाच्या पदासाठी मात्र दुसरं नाव शोधलं जाणार होतं, आणि हे तपासाच्या निकालावर अवलंबून नव्हतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं, गैरसमज राहू नये म्हणून. मास्तर म्हणाले की गैरसमज नाही. नववं कलम सहीशिवाय फाइलमध्ये परत गेलं.

बाहेर जिन्यात मामा थांबला. मग म्हणाला, ताईला काय सांगू? मास्तर म्हणाले, जे झालं ते सांग, तिला बाकीचं समजतं. मामा फोनवर बसायला परत गेला. त्या वेळेपर्यंत एक हजार एकाहत्तर लॅबमध्ये दुरुस्ती झाली होती. एकोणसत्तर उरल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मास्तर तपास विभागात गेले. गाळणीनं नवं रजिस्टर आणलं होतं आणि त्यात रकाने आखून ठेवले होते: प्रोग्राम, वर्ष, कुणासाठी, मूळ मजकूर कुठे. तिनं त्यांना समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मशीनला हात लावायचा नाही, फक्त आठवेल ते सांगायचं, खात्री नसेल तर खात्री नाही म्हणायचं, असं ठरलं. तिनं पेन उघडलं.

मास्तरांनी शाळेच्या गुणपत्रिकांचा एक प्रोग्राम सांगितला, मग छापखान्याचा, मग एका वाचनालयाचा. वाचनालयाच्या वर्षाविषयी त्यांना शंका होती. गाळणीनं तिथं प्रश्नचिन्ह केलं. सहाव्या प्रोग्रामपाशी ते अडले. तिनं घाई केली नाही.

“दवाखान्याचा एक होता,” ते अखेर म्हणाले. “नंबर लावायचा. त्यात काय केलं होतं, ते मला अजिबात आठवत नाही.”

“हा आधी बघू,” गाळणी म्हणाली आणि तिनं त्या ओळीखाली रेघ ओढली. “पुढचा?”